संदर्भसूचीतला मानपान

"ही संदर्भसूची आहे का लग्नपत्रिका?"

मॅडमनी फोनवर विचारलं आणि स्वतःच इतक्या हसल्या, की मला हसावं का रडावं कळेना. त्या माझ्या मार्गदर्शक, सांगलीत, अभ्यासकेंद्रात. मी कोइमतूरला, आमच्या दुकानावरच्या खोलीत, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पोळपाट. खाली भट्टी चालू होती. आमचा धंदा गलाईचा. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं. विट्याच्या बाजूची निम्मी गावं या धंद्यापायी मुलूखभर पांगलीत, त्यातलंच आमचं एक घर.

मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. हे वाक्य लिहितानाही मला कुणीतरी मागून "कुणी सांगितलं?" असं विचारेल असं वाटतं. माझं माहेर म्हसवडकडचं. आठवी झाली आणि शाळा सुटली, कारण वडील मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखाकडं निघायचे, आईही त्यांच्याबरोबर, आणि घरात राहिलेल्या लहानग्यांना बघायला मीच उरायचे. मग लग्न, मग रेल्वे, मग हे गाव, जिथं पाटीवरचं एक अक्षर मला लागत नव्हतं. आठवी नापास नव्हते, पास होते. पण बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत कुणी "शिक्षण?" विचारलं की माझे हात गार पडायचे.

मला परत शिकायला लावलं ते माझ्या सासूनं, आमच्या आत्याबाईंनी. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा असते, शाळा सोडलेल्यांना तिच्यावरून पुढं जाता येतं, हे त्यांनी गावात कुणाकडून तरी ऐकलं आणि मला फोन केला, "मी पोरं संबाळतो, तू पेपर दे." प्रत्येक परीक्षेला मी मुलांना घेऊन गावी यायचे, त्यांच्या मांडीवर टाकायचे आणि सांगलीला जायचे. बी.ए. असं झालं. एम.ए. असंच चाललं होतं. त्यांचे उपकार मोजायला बसले तर माझा प्रकल्प राहूनच जाईल.

प्रकल्प होता गलाईच्या घरांतल्या बायकांवर. धंद्यावर पुरुष बोलतात, पण पहिल्यांदा परमुलखात गेलेल्या बायकांनी बाजार कसा केला, भाषा येत नसताना मीठमिरची कशी मागितली, दुखलं-खुपलं डॉक्टरला कसं सांगितलं, हे कुणी विचारलेलंच नव्हतं. विषय मॅडमना आवडला. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावात फिरून म्हाताऱ्या बायकांशी बोलले, काहींशी कोइमतूरवरून व्हिडिओवर बोलले, सगळं मोबाईलमध्ये भरून घेतलं, लिहिलं, टाइप करून घेतलं आणि शेवटी पुस्तकात असते तशी संदर्भसूची जोडली.

आता ती सूची कशी होती ते सांगते. सर्वांत वर: तीर्थरूप आत्याबाई. त्याखाली थोरल्या नणंदबाई. मग वेशीजवळच्या मावशी. मग शेजारच्या वहिनी, मूळच्या आष्ट्याच्या. मग अगदी तळाला, लिहावं का न लिहावं अशा अक्षरात: धाकट्या काकी. पुस्तकं त्यांच्याही खाली. पुस्तकांशी आमची सोयरीक नवी.

"यात एकाही बाईला नाव नाही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, नाव कसं घेऊ? सासूबाई आहेत."

"घेऊ नका. लिहा. नाव, आडनाव, वय, गाव, मुलाखतीची तारीख. आधी 'सौ.' नाही, 'तीर्थरूप' नाही. आणि ही जी तुम्ही मोठ्यापासून लहानापर्यंत उतरंड लावलीय ती मोडा. मानपान लग्नात. इथं अकारविल्हे."

"मॅडम, पण..."

"ऐका. उद्या एखादीला तुमच्या कामाच्या पुढं काम करायचं झालं, तर ती 'आत्याबाई' म्हणून विचारत गावात फिरेल का? गावातल्या सगळ्याच कुणाच्या तरी आत्याबाई आहेत."

हे मात्र मला पटलं. लहानपणी पाण्यावर दोन-तीन कळप एकत्र झाले तरी आमचे वडील निवांत असायचे. प्रत्येकाच्या मेंढराच्या अंगावर आपापल्या रंगाची खूण. पाणी पिऊन झालं की ज्याचं त्याच्याकडं. खूण नसलेलं मेंढरू मात्र भांडण लावायचं. नाव म्हणजे ती खूण असेल तर मला हरकत नव्हती. हरकत होती ती अकारविल्हेला.

कारण आत्याबाई आणि धाकट्या काकी या सख्ख्या जावा. आडनाव एक. पण क्रम लागणार पहिल्या नावावरून. काकींचं नाव 'अ'पासून आणि आत्याबाईंचं पार 'स'पासून. सूचीत काकी पहिल्या आणि आमच्या आत्याबाई बायकांत सगळ्यांच्या शेवटी.

आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. माझ्या लग्नापासून. माझ्याच लग्नाच्या पत्रिकेपासून.

पत्रिकेत धाकट्या काकांचं नाव छापखान्यात म्हणा, घाईत म्हणा, एका लांबच्या चुलतभावाच्या खाली गेलं. सख्खा भाऊ खाली आणि लांबचा वर. काकी पत्रिका हातात घेऊन आमच्या दारात आल्या, ती उंबऱ्यावर ठेवली आणि गेल्या. लग्नाला त्यांच्या घरातलं कुणी आलं नाही. बोळ एक, दारं समोरासमोर, पण तिकडची वाटी इकडं नाही की इकडचा खुशालीचा शब्द तिकडं नाही. मी नवी नवरी म्हणून त्या घरात पाऊल टाकलं तेव्हापासून मला एकच धडा मिळालेला: नाव कुठं छापतात याला या गावात फार किंमत असते.

मॅडमनी तोंडी परीक्षेची तारीख सांगितली. तोवर दुरुस्त केलेला, बांधणी केलेला अहवाल आणि जिची जिची मुलाखत घेतली तिची सही असलेलं संमतीपत्र. नाहीतर वर्ष पुढं. "तुमचं काम चांगलं आहे हो," त्या म्हणाल्या, "स्रोतांपायी घालवू नका."

मी मिरजेला उतरून गावी आले. आधी काकींकडं गेले. म्हटलं, अवघड घास पहिला. काकी ज्वारी निवडत होत्या. मी मुलाखतीला आले होते तेव्हाही त्या अशाच निवडत बोलल्या होत्या. मी संमतीपत्र वाचून दाखवलं. काकींची चौथी झालेली, त्यांनी ते परत स्वतः वाचलं.

"ह्यात सरकारी भानगड न्हाई न्हवं?"

"नाही काकी. तुम्ही जे सांगितलं ते तुमच्या नावावर राहील, एवढंच."

"यादीत कितव्या नंबरला हाय मी?"

मी खोटं बोलायला शिकले असते तर तिथंच बोलले असते. "पहिल्या," मी म्हणाले. "पण त्ये बाराखडीनं लागतंय काकी, त्यात..."

"पैल्या!" काकींनी सूप बाजूला ठेवलं, पेन मागितलं आणि जोडाक्षराला जरा जोर लावून सही केली. "बाराखडीनं का हुईना. लागलं न्हवं?"

दुपारी मी आत्याबाईंपुढं बसले. त्यांना वाचता येत नाही, पण सही येते. त्या कोइमतूरला आमच्याकडं राहायला आल्या तेव्हा मी शिकवलेली. संमतीपत्रावर त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं.

"आदी यादी वाच."

मी वाचली. पहिलं नाव काकींचं. मधली नावं गेली, त्यांचं स्वतःचं शेवटी आलं. मी ते नाव माझ्या तोंडानं कधीच घेतलेलं नव्हतं. तिथं अडखळले, 'आत्याबाई' म्हणाले आणि पुढं वय वाचलं.

"हितं बी ती म्होरं?"

"आवं आत्याबाई, त्यो अ-आ-इ-ई चा क्रम हाय. मोठं-ल्हान कायच न्हाई त्यात."

"आन मी पार शेवटाला. आष्ट्याच्या पोरीच्या बी माघारी."

"त्यांचं नाव..."

"माझं नाव काढ त्यातनं."

त्या उठून गेल्या. मागल्या दारी भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, आणि आमच्या घरात भांडी किती जोरात घासली जातात यावरून राग कळतो. त्यांचं नाव काढायचं म्हणजे माझा अर्धा प्रकल्प काढायचा. सगळ्यात जास्त त्याच बोलल्या होत्या. तापलेल्या पोराला घेऊन डॉक्टरपुढं थर्मामीटर काखेत घालून ताप कसा दाखवला, तिळाला काय म्हणतात हे विचारायला शेजारणीकडं लाडू कसा नेला, सगळं त्यांचंच. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या बाईनं मला शिकवलं तिचंच मन त्या शिकण्यानं दुखवलं असं झालं असतं. दोन्ही एकदम जाणार होतं.

मला वाद घालता येत नाही. मला वाचता येतं. मी अहवाल उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. धडे नाहीत, पानाच्या बुडाला बारीक अक्षरात जे असतं ते. तळटिपा.

भांड्यांचा आवाज मंदावला. "ह्ये काय वाचतीयास?"

"तुमचंच. लाडवाची गोष्ट कुणी सांगितली, त्ये पानाच्या तळाला लिवावं लागतंय. हितं तुमचं नाव हाय. पुढच्या पानावर थर्मामीटर. तितं बी तुमचं."

"अजून?"

"हितं. हितं. ह्या पानावर तर दोनदा."

त्या पदराला हात पुसत आल्या आणि समोर बसल्या. "दाव." मी बोट ठेवून दाखवत गेले. सही शिकल्यामुळं त्यांना आपलं नाव ओळखू यायचं. थोड्या वेळानं मी बोट ठेवायच्या आधीच त्यांचं बोट तिथं जायला लागलं. "ह्ये. आन ह्ये बी मीच की." पान उलटायचं आणि बुडाला बघायचं. वरचा मजकूर त्यांना नकोच होता.

मग ज्वारीचं पान आलं.

ज्वारीची गोष्ट अशी. कोइमतूरला पहिल्यांदा गेल्या तेव्हा भाकरीला ज्वारी पाहिजे होती आणि दुकानात काय मागायचं ते ठाऊक नव्हतं. म्हणून घरातून आणलेली ज्वारी नेऊन दुकानदाराला दाखवली. तो म्हणाला, "चोळम." तो शिकलेला पहिला तमिळ शब्द. गोष्ट छान होती. अडचण एवढीच, की आत्याबाई म्हणाल्या हे मी केलं, आणि काकी म्हणाल्या हे मी केलं. दोघींनी तेच दुकान सांगितलं, तोच शब्द सांगितला. दोघे भाऊ तेव्हा एकाच भट्टीवर होते, त्यामुळं दोघीही तिथं होत्या हे खरंच होतं.

त्या तळटिपेत आत्याबाईंच्या बोटाखाली त्यांचं नाव होतं आणि शेजारी दुसरं नाव होतं.

"ह्ये कुणाचं?"

"काकींचं."

"ती म्हणती ज्वारी तिची?"

"व्हय."

"आन तू काय लिवलंस?"

"दोघींनी काय सांगितलं त्ये. दोघींच्या नावानं."

"माझं खोटं हाय, असं लिवलं न्हाईस?"

"न्हाई."

"तिचं?"

"त्ये बी न्हाई."

"मंग तुला मार्क कशाचं देणार गं?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं, पण त्यांनी ते लपवलं. संमतीपत्र ओढून घेतलं आणि ओळीच्या बाहेर जात दणदणीत सही केली. "ती यादीत म्होरं ऱ्हाऊंदे. मी पानापानावर हाय." आणि कागद मला देता देता बोळाच्या दाराकडं बघत म्हणाल्या, "त्या टायमाला पत्रिका बी बाराखडीनं छापली आसती तर लय बरं झालं आसतं."

तोंडी परीक्षेच्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, मी येणार. नाही म्हणायची सोयच नव्हती. एस.टी. चुकली म्हणून वडापच्या जीपकडं गेलो, तर मागच्या बाकावर काकी आधीच बसलेल्या, इस्त्रीची साडी, हातात पर्स, त्याही माझ्या परीक्षेलाच निघालेल्या. जीप भरलेली, जागा तेवढीच दोन माणसांची, त्यांच्या शेजारी. मी चपळाईनं मध्ये बसले. तासगाव ओलांडून सांगली येईपर्यंत मी त्या दोघींच्या मधला बांध होते. डावीकडची म्हणायची, "तिला म्हणावं खिडकी लावून घे, वारं लागतंय." उजवीकडची म्हणायची, "तिला म्हणावं लागूंदे, गुदमरतंय." मांडीवर अहवालाची प्रत, कडक निळ्या कापडाची, वर सोनेरी अक्षरं. मी ती दोन्ही हातांनी धरली होती, लहान मूल धरावं तशी.

अभ्यासकेंद्रात मॅडम होत्या आणि बाहेरून आलेले एक परीक्षक सर. पांढरे केस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी पुढची पानं चाळलीच नाहीत, सरळ मागून उघडलं. संदर्भसूची. मी मनातल्या मनात म्हसवडच्या सिद्धनाथाचं नाव घेतलं.

"तुमचं शिक्षण मध्ये थांबलं होतं?" त्यांनी विचारलं.

"आठवीला, सर." हात गार पडले, पण आवाज निघाला.

"हं." त्यांनी पानं उलटली, मध्ये कुठंतरी थांबले. "ही तळटीप. एक गोष्ट, दोन बायका, दोघी म्हणतात मी केलं. तुम्ही निकाल दिला नाहीत. का?"

मी त्यांना आठ दिवस घोकलेलं उत्तर द्यायला गेले आणि ते विसरले. मग जे होतं ते सांगितलं. "सर, मी तिथं नव्हते. दोघी होत्या. कुणी काय सांगितलं ते ज्याचं त्याच्या नावावर ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं. उद्या कुणाला पुरावा मिळाला तर त्यानं ठरवावं. त्याला दोघींची नावं तरी सापडतील."

"यातल्या एक तुमच्या सासूबाई आहेत ना?"

"हो."

"मग त्यांच्या बाजूनं लिहिलं असतंत तरी मी समजून घेतलं असतं. मलाही सासू आहे."

मॅडम हसल्या. मला हसायला जरा उशीर झाला. मग सर आणखी बरंच विचारत राहिले, मुलाखती कशा घेतल्या, प्रश्न आधी लिहिले होते का, बोलीतलं बोलणं तसंच का ठेवलं, आणि मी उत्तरं देत गेले, आणि मध्येच केव्हातरी माझ्या लक्षात आलं की माझे हात गार नाहीत. ते मला तपासत नव्हते. ते मला विचारत होते. त्यांना माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. माझ्या आयुष्यात वर्गाच्या चार भिंतींत असं पहिल्यांदा झालं.

"स्वीकारलं," ते म्हणाले आणि सही केली. "आणि सूची फार स्वच्छ आहे." मॅडमनी माझ्याकडं बघून एक भुवई उचलली. लग्नपत्रिकेची आठवण आम्हा दोघींनाच.

मी मॅडमच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला वरच्यावर धरलं. "पेढे आणा. पाया नको."

बाहेर पायऱ्यांवर त्या दोघी बसल्या होत्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. मला बघून दोघी उठल्या.

"झालं?" दोघींनी एकदम विचारलं.

"झालं! पास!"

आत्याबाईंनी माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. काकींनी पर्समधून साखर काढली. कागदात बांधून आणली होती, म्हणजे पास होणार याची त्यांना खात्री होती. माझ्यापेक्षा जास्त. मी मध्ये बसले आणि रडले. आनंदानं रडणं म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

"दाव तरी," काकी म्हणाल्या आणि प्रत घेतली. त्यांना आपलं पहिलं नाव बघायचं होतं, ते बघितलं. मग पानं उलटत त्या ज्वारीच्या तळटिपेवर आल्या आणि पोरं शाळेत वाचतात तसं बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागल्या. स्वतःचं नाव वाचलं. पुढं आडनाव वाचलं. मग जिथं आत्याबाईंचं नाव छापलेलं होतं, तिथं त्या थांबल्या. थोरल्या जावेचं नाव तोंडानं कसं घ्यायचं?

"आक्का," त्या म्हणाल्या. आणि पुढं वाचत गेल्या. "आक्का यांनी सांगितलेली माहिती."

ती हाक त्या घरात माझ्या लग्नापासून कुणी ऐकली नव्हती. आत्याबाई समोर रस्त्याकडं बघत होत्या. मग त्या वळल्या, माझ्याकडं नाही, माझ्या पलीकडं.

"ज्वारी माझ्या घरातली हुती गं. पर गाठ तुझ्या पदराला बांधली हुती. इसारलीस?"

काकींचं बोट पानावरच राहिलं. "व्हय की! आन दुकानात ती गाठ सुटंना. तुमी दातानं सोडलीसा. त्या दुकानदाराला वाटलं, आत सोनंच हाय."

"तरी म्हणलं त्यो असा टकामका का बघतोय!"

दोघी हसायला लागल्या. मी मध्ये, दोन्हीकडून धक्के बसत होते.

"आवं, हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" मी म्हणाले. "आता सगळं बांधून झालं!"

"तू आमाला दोघींना एकदम कवा इचारलंस?" आत्याबाई म्हणाल्या.

खरं होतं. मुलाखत एकेकीची घ्यायची, म्हणजे दुसरीचा प्रभाव पडत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. मी ते अगदी तंतोतंत पाळलं होतं. मी पेन काढलं, माझ्या स्वतःच्या प्रतीत त्या तळटिपेच्या खाली, पानाच्या कडेपर्यंत जेवढी जागा उरली होती तेवढ्यात, हातानं लिहायला घेतलं: ज्वारी एकीची, पदर दुसरीचा, दोघींनी एकत्र सांगितलं, सांगली, अभ्यासकेंद्राच्या पायऱ्या.

आता पुढं नावं. मी पेन टेकवलं आणि सवयीनं वर बघितलं.

"बघतीस काय?" आत्याबाई साखर चघळत म्हणाल्या. "लाव की. बाराखडीनं."